मूत्राशयातील गाठ काढली; पुढे काय?

लघवीला आग होऊ लागली की 'उन्हाळी लागली' म्हणायचे, धने-जिऱ्याचे पाणी प्यायचे आणि दोन दिवस वाट पाहायची, हा मराठवाड्यात घरोघरी चालत आलेला रिवाज आहे. तो निराधार नाही. बीडसारख्या कोरड्या, पाण्याची ओढ असलेल्या जिल्ह्यात उन्हात राबणाऱ्या माणसाच्या पोटात पाणी कमी जाते, लघवी दाट होते आणि आग होते. मुतखड्याचे रुग्णही या भागाला नवे नाहीत. त्यामुळे लघवी लाल दिसली की खडा सरकला असेल, असा अंदाज बहुतेक वेळा बांधला जातो आणि पुष्कळदा तो बरोबरही निघतो.

अडचण होते ती न दुखता लाल झालेल्या लघवीची. खडा कमरेत कळ आणतो, जंतुसंसर्ग आग आणि ताप आणतो. मूत्राशयाच्या अस्तरावर वाढणारी गाठ मात्र सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. एखाद्या दिवशी लघवी रक्तासारखी लाल होते, दुसऱ्या दिवशी आपोआप स्वच्छ होते आणि पुढे महिना-दोन महिने काहीही घडत नाही. माणूस निर्धास्त होतो. मूत्रविकारतज्ज्ञांच्या दृष्टीने हाच धोक्याचा काळ असतो. वेदना नसताना लघवीतून एकदा जरी रक्त गेले, तरी चाळिशी उलटलेल्या व्यक्तीने सोनोग्राफी आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, असे त्यांचे सांगणे असते. त्रास जितका कमी, तितकी शंका अधिक, असे हे उलटे गणित आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा उशीर आणखी वाढतो, कारण रक्त पाळीचे असावे असे गृहीत धरले जाते. बीड जिल्ह्यात या गोष्टीला एक वेगळी बाजू आहे. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि जिल्ह्यातील पाहणीत अशा महिलांची संख्या १३ हजारांहून अधिक निघाली. ज्या स्त्रीची पिशवी काढलेली आहे, तिला पाळीचे रक्त जाण्याचा प्रश्नच उरत नाही. तिच्या लघवीत किंवा कपड्यावर रक्त दिसले, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांत स्त्रियांच्या तीन ते चार पट आढळतो आणि त्यामागचे सर्वांत मोठे ज्ञात कारण धूम्रपान आहे. विडी ओढणाऱ्याला फुप्फुसाची भीती घातली जाते. मूत्राशयाचा उल्लेख क्वचितच होतो. धुरातील घातक द्रव्ये फुप्फुसातून रक्तात जातात, मूत्रपिंडे ती गाळून लघवीत टाकतात आणि ही लघवी काही तास मूत्राशयात साठून राहते. अस्तराच्या पेशींना रोजच या द्रव्यांत भिजत राहावे लागते. लघवीतून बाहेर पडणारे रसायन मूत्राशयाला गाठ आणू शकते, हे लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने रंगाच्या कारखान्यातील कामगारांवरून १८९५ मध्येच दाखवून दिले होते.

दुर्बिणीने गाठ दिसली की पहिली शस्त्रक्रियाही बहुधा दुर्बिणीनेच होते. पोटावर छेद घ्यावा लागत नाही. मूत्रमार्गातून उपकरण आत नेऊन गाठ खरवडून काढतात आणि तिचे तुकडे तपासणीसाठी पाठवतात. गाठ अस्तरापुरती आहे की खालच्या स्नायूत शिरली आहे, हे त्या अहवालावरून कळते आणि पुढचा सारा मार्ग त्यावर ठरतो. जगभरच्या अनुभवानुसार निदानाच्या वेळी सुमारे ७० ते ७५ टक्के गाठी अस्तरापुरत्या असतात. रुग्ण दोन-चार दिवसांत नळी काढून घरी जातो. आठवडाभर लघवी गुलाबी राहते. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास जखमेची खपली सुटते तेव्हा पुन्हा थोडे रक्त दिसते. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पाणी भरपूर प्यावे, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, दोन-तीन आठवडे ओझे उचलू नये आणि खडबडीत रस्त्यावर मोटारसायकल चालवू नये, एवढी पथ्ये पुरतात. रक्ताच्या गुठळ्या पडून लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर मात्र रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

माणूस इतक्या लवकर हिंडू-फिरू लागतो की तो बरा झाला, असे घरच्यांना वाटते. येथेच खरी गफलत होते. मूत्राशयातील अशा गाठी पुन्हा उगवण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. पाच वर्षांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना नवी गाठ येते. जोखीम अधिक असलेल्या गटात हे प्रमाण त्याहूनही मोठे असते. त्यामुळे पहिली शस्त्रक्रिया हा उपचाराचा प्रारंभ असतो. गाठ उग्र स्वरूपाची असेल, तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालून तीच जागा खरवडतात. पहिल्या खेपेला कुशल हातांतूनही अंश मागे राहू शकतो, म्हणून ही दुसरी खेप असते. पहिली शस्त्रक्रिया फसली, असा तिचा अर्थ काढण्याचे कारण नाही.

त्यानंतर येते बीसीजी. दंडावर लहानपणी टोचलेली क्षयरोगाची लस, तीच ही. कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ती नळीने मूत्राशयात सोडून गाठी परत येण्याचे प्रमाण घटते, हे दाखवले. या जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंमुळे अस्तराच्या जागी शरीराची प्रतिकारशक्ती चवताळून उठते आणि उरल्यासुरल्या कर्कपेशींवर तुटून पडते. पन्नास वर्षे होत आली, तरी अधिक जोखमीच्या गाठींसाठी याहून सरस ठरलेला सोपा उपाय हाती आलेला नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही मूत्राशयासाठीची ही लस बनवली आहे. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे ती देतात आणि पुढे एक ते तीन वर्षे ठरावीक अंतराने पुन्हा डोस देतात. औषध दोन तास लघवी रोखून आत ठेवायचे असते. त्यानंतरचे सहा तास बसून लघवी करावी आणि दर वेळी शौचकुपात ब्लीचिंगचे पाणी ओतून पंधरा मिनिटे थांबावे, कारण त्या लघवीत जिवंत जंतू असतात. गावात अनेक कुटुंबांत एकच शौचालय असते. तेथे ही सूचना विशेष गांभीर्याने घ्यावी लागते. दिवसभराची आग आणि कणकण अपेक्षित असते. ताप दुसऱ्या दिवशीही चढाच राहिला, तर जवळच्या डॉक्टरला 'मूत्राशयात बीसीजी घेतली आहे' हे एक वाक्य सांगितलेच पाहिजे. ते न सांगितल्यास साध्या तापाचे उपचार होत राहतात आणि क्षयरोगासारखा संसर्ग अंगात पसरण्याचा विरळा पण गंभीर धोका नजरेआड होतो.

आता तारखांकडे पाहावे. अधिक जोखमीच्या रुग्णाची दुर्बिणीची तपासणी पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा करायची असते. समजा, शस्त्रक्रिया ऑगस्टच्या मध्यास झाली. दुसरी खेप सप्टेंबरात येते, बीसीजीचे सहा आठवडे दसऱ्याच्या आसपास सुरू होतात, पुढच्या तपासण्या हिवाळ्यात येतात. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या याच दिवसांत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. काम नवरा-बायकोच्या जोडीने चालते. या जोडीलाच 'कोयता' म्हणतात आणि एक जण मागे राहिला तर कोयताच मोडतो, उचल मात्र अंगावर राहते. कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातील फडावर गेलेला माणूस पाडव्याच्या सुमारास परततो, तोवर दोन तपासण्या बुडालेल्या असतात. अस्तरापुरती असलेली गाठ स्नायूत शिरायला एवढी सवड पुरते. हा प्रश्न केवळ रुग्णाच्या अज्ञानाचा मानणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही.

गाठ स्नायूत गेली की हिशेब बदलतो. प्रकृती साथ देत असेल तर आधी केमोथेरपी आणि मग संपूर्ण मूत्राशय काढण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. काही निवडक रुग्णांत केमोथेरपीसह किरणोपचाराचाही पर्याय असतो. मूत्राशय काढल्यावर लघवीला नवी वाट हवी. लहान आतड्याचा एक तुकडा घेऊन त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडायच्या आणि त्याचे तोंड बेंबीच्या उजव्या बाजूस खाली पोटावर उघडायचे, ही पद्धत अमेरिकेतील युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये मांडली आणि ती आजही सर्वाधिक वापरात आहे. तोंडावर पिशवी चिकटवलेली असते. ती अर्धी भरण्यापूर्वीच रिकामी करावी. ओझ्याने तिची चकती सुटते आणि भोवतालची कातडी सोलवटते. लघवीत पांढरे चिकट धागे दिसतात ते आतड्याच्या शेम्बडाचे असतात, पू नव्हे. आतड्याचा तो भाग वापरल्यामुळे काही वर्षांनी ब१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते, त्याची तपासणी होत राहावी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वजन उचलल्यास तोंडाच्या बाजूने हर्निया होतो आणि पुढेही हा धोका पुरता टळत नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे या माणसाला पुन्हा जमणार नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वीच कुटुंबाला स्पष्ट सांगायला हवे. पिशवी बांधून देवळात, लग्नात किंवा शेतात जाता येते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. अशा रुग्णांसाठी मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काम करते.

मूत्रमार्गाच्या इतर गाठींचे गणित थोडे निराळे आहे. मूत्रपिंडाची गाठ हल्ली पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. लहान असेल तर तेवढाच भाग काढून मूत्रपिंड वाचवता येते. एक काढावे लागले तरी दुसऱ्यावर आयुष्य निभते. मात्र अंगदुखीच्या गोळ्या सर्रास घेण्याची सवय अशा माणसाने सोडलीच पाहिजे, कारण त्या उरलेल्या मूत्रपिंडावर घाला घालतात. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेल्यांना काही महिने लघवी आवरत नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नेटाने केल्यास बहुतेकांचा ताबा वर्षभरात परत येतो. वृषणाची न दुखणारी गाठ ही पंधरा ते पस्तीस वयाच्या तरुणांची व्याधी आहे. संकोचाने ती लपवली जाते. वास्तविक वेळेवर आलेल्या दहातील नऊहून अधिक रुग्ण बरे होतात.

लोक वेळेवर येऊ शकतात, याचा दाखला बीडच्या दक्षिणेला बार्शीत आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथे १९८७ मध्ये सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत लक्षणांची माहितीही देत गेले आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या अवस्थेत दाखल होऊ लागल्याचे दिसून आले. त्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागली नव्हती.

जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विभागाच्या पातळीवर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून सुरू आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या आणि मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियांचा समावेश असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कोणता उपचार त्यात बसतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. कर्करुग्णांना एसटीच्या भाड्यातही सवलत मिळते.

फडावर जावेच लागणार असेल, तर घरी सोडतानाचा कागद, तुकड्याच्या तपासणीचा अहवाल आणि बीसीजीच्या डोसांच्या तारखा यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात. मूळ कागद गावात ठेवावेत. कोल्हापूर किंवा सांगलीतील मूत्रविकारतज्ज्ञ त्या कागदांवरून तीन महिन्यांची तपासणी तेथेच करू शकतो. ती तारीख मुकादमालाही टोळी निघण्यापूर्वीच सांगून ठेवावी.