जपानी राज्यघटनेचें नववें कलम : पाठ आणि भाष्य

मूळ सूत्र अबाधित राहून भाष्यानें अर्थ पालटल्याचीं उदाहरणें पोथ्या चाळणाऱ्यांस नवीं नाहींत. ३ मे १९४७ रोजीं अंमलांत आलेल्या जपानी राज्यघटनेचें नववें कलम त्याच जातीचें आहे. त्यांतील एक अक्षरहि आजवर बदललेलें नाहीं. पहिल्या परिच्छेदांत युद्धाचा त्याग आहे, दुसऱ्यांत 'सेन्र्योकु' म्हणजे युद्धसामर्थ्य न बाळगण्याचें वचन आहे. १९४६ सालीं आशिदा हितोशि यांच्या समितीनें दुसऱ्याच्या आरंभीं 'पूर्वोक्त हेतु साधण्यासाठीं' अशा अर्थाचे शब्द घातले. त्यामुळें आत्मरक्षणार्थ सैन्यास निषेध उरत नाहीं, असें आशिदा पुढें प्रतिपादूं लागले. हे शब्द रीतसर मंजूर झालेले असल्यानें त्यांस प्रक्षेप म्हणतां येत नाहीं. मौज ही कीं, सरकारनें हा आयता आधार घेतलाच नाहीं! आत्मरक्षणास लागणारें किमान बळ 'सेन्र्योकु' या पदांत येतच नाहीं, असें त्यानें मानलें. १९५४ सालीं स्थापिलेल्या आत्मरक्षा दलाचें समर्थन याच अर्थावर झालें. १ जुलै २०१४ च्या मंत्रिमंडळ-निर्णयानें, जपानचें अस्तित्व धोक्यांत आल्यास, निकटच्या मित्रराष्ट्रावरील हल्ल्याचा प्रतिकारहि त्या 'किमान' मर्यादेंत बसविला. शत्रूच्या तळांवर प्रहार करणें घटनेस संमत असल्याचें १९५६ सालींच सांगितलें गेलें होतें. तें सामर्थ्य प्रत्यक्ष जमविण्याचें डिसेंबर २०२२ मध्यें ठरलें. आमच्या मतें सारा भार 'किमान' या पदावर आहे, आणि नवव्या कलमाच्या मूळ संहितेंत तें पद कोठेंच नाहीं.