‘रिॲक्टिव्हली’ : एका क्रियाविशेषणाचा अर्थ

सरकारी टिपणांत आणि चौकशीच्या अहवालांत ‘रिॲक्टिव्हली’ हे इंग्रजी क्रियाविशेषण वारंवार भेटते. अमुक खात्याने रिॲक्टिव्हली काम केले, असे लिहिले की तो ठपका समजावयाचा. वस्तुतः शब्दाच्या मूळ अर्थात ठपका नाही. आधी काही घडावे आणि त्यास उत्तर म्हणून कृती व्हावी, एवढेच तो सांगतो. रसायनशास्त्रज्ञ सोडियमला रिॲक्टिव्ह म्हणतो, तेव्हा तो सोडियमला दोष देत नसतो.

दोष चिकटला तो ‘प्रोॲक्टिव्हली’ या जोडीदारामुळे. त्याचे मूळ विशेषण वयाने लहान. आधी शिकलेले नंतर शिकलेल्याच्या आड येते, हे सांगण्यासाठी मानसशास्त्रज्ञांनी ते १९३३ मध्ये वापरले. पुढे व्यवस्थापनशास्त्रात ‘प्रसंगाआधीच पुढाकार घेणारा’ असा त्याचा अर्थ रूढ झाला. एक शब्द गुणवाचक ठरताच दुसरा आपोआप दोषवाचक झाला.

मराठीत ‘प्रतिक्रियात्मक रीतीने’ हे भाषांतर बिनचूक खरे, पण ते कोणाच्या तोंडी बसावयाचे नाही. उशीरच सुचवावयाचा तर तहान लागल्यावर विहीर खणणे आहे, वरातीमागून घोडे आहे. आधी सरसावणाऱ्याच्या बाबतीत मात्र आपली भाषा जरा कंजूष. त्याला ‘आगाऊ’ म्हणून ती मोकळी होते!

हितोपदेशातील तीन मासे येथे अधिक उपयोगी पडतात. कोळी येणार हे कळताच अनागतविधाता दुसऱ्या जलाशयात गेला. प्रत्युत्पन्नमति जाळ्यात सापडला, पण मेल्याचे सोंग करून निसटला. यद्भविष्य मारला गेला. दुसऱ्या माशाची कृती घटनेमागूनच घडली. तिला दोष कोण देईल? इंग्रजी क्रियाविशेषण मात्र दुसऱ्याला आणि उशिरा हातपाय हलविणाऱ्या तिसऱ्याला एकाच दावणीला बांधते.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले, तेव्हा सुमारे १०,००० माणसे दगावली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ आले, त्यापूर्वीच सुमारे १० लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविले होते. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. एवढी पूर्वतयारी असूनही पडलेली झाडे हटविणे, तुटलेल्या तारा जोडणे, गावोगाव पाणी पोहोचविणे ही कामे वादळ सरल्यावरच करावी लागली. तीही रिॲक्टिव्हलीच झाली म्हणावयाची; त्यांत उणेपणा कसला?

म्हणून अहवाल लिहिणाराने इशारा कोणत्या तारखेस मिळाला आणि आदेश कोणत्या तारखेस निघाला, हे आधी पाहावे. इशारा नसताना संकट आले व खाते लगेच हलले, तर मराठीत ‘तत्परतेने’ लिहावे. इशारा दप्तरात पडून राहिला असेल, तर ‘मागाहून’ हा साधा शब्द पुरेसा आहे, आणि त्यापुढे दोन्ही तारखा.