विद्युतचलित कटिंग यंत्रांचा सुरक्षित वापर : भूगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे शहराच्या पश्चिमेस, चांदणी चौकातून पौडकडे जाणाऱ्या मार्गावर मुळशी तालुक्यातील भूगाव हे गाव वसलेले आहे. एका बाजूस बावधन व दुसऱ्या बाजूस पिरंगुटचा औद्योगिक पट्टा यांच्यामध्ये असल्याने गेल्या दोन-अडीच दशकांत शेतीप्रधान असलेल्या या गावात गृहसंकुले उभी राहिली. बांधकामाबरोबर फरशी बसविणारे, लोखंडी जाळ्या व ॲल्युमिनियमच्या खिडक्या तयार करणारे आणि फर्निचरचे कारागीरही आले. या सर्वांच्या हाती असणारे समान साधन म्हणजे हातात धरून चालविण्याचे विद्युतचलित कटर वा ग्राइंडर होय. या यंत्रापासून होणाऱ्या इजांचे खापर सामान्यतः कारागिराच्या निष्काळजीपणावर फोडले जाते. प्रस्तुत लेखात या धोक्याचे स्वरूप स्पष्ट करून, सुरक्षिततेचे बरेचसे निर्णय यंत्र सुरू होण्यापूर्वीच घेतले जातात, हे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

वेगाचे गणित

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. चकतीचा व्यास १०० मि.मी. धरल्यास तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजेच ताशी दोनशे कि.मी.हून अधिक भरतो. राळेने बांधलेल्या सर्वसाधारण कटिंग चकतीवर ८० मीटर प्रतिसेकंद ही कमाल मर्यादा छापलेली असते. चार इंची चकतीच्या बाबतीत ती सुमारे १५,३०० फेऱ्यांइतकी, तर सात इंची चकतीच्या बाबतीत सुमारे ८,५०० फेऱ्यांइतकी येते.

काम लवकर उरकावे म्हणून गार्ड काढून व भोकात बुश घालून सात इंची चकती लहान ग्राइंडरवर चढविली, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १०४ मीटर होतो. केंद्रोत्सारी ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने चकतीवरील ताण मर्यादेच्या जवळजवळ १.७ पट होतो. अशी चकती फुटल्यास तिचे तुकडे अडविणारा गार्ड मात्र त्याच चकतीसाठी आधीच काढलेला असतो. एकाच कृतीने धोका वाढतो आणि संरक्षण नाहीसे होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

यंत्राचा उलटा झटका

चकती कापात आवळली गेली, तिरकी झाली किंवा बोथट झाली की ती अडकते व मोटारीची शक्ती संपूर्ण यंत्राला मागे फेकते. कापला जाणारा तुकडा दोन्ही बाजूंनी आधारावर ठेवल्यास मध्यभाग खाली वाकून काप मिटतो व चकती आवळली जाते. म्हणून सुटणाऱ्या भागाला मोकळे खाली जाता येईल, अशी मांडणी करावी लागते. वस्तू शिकंजात पकडणे, यंत्र दोन्ही हातांनी व बाजूच्या मुठीसह धरणे आणि चकतीच्या रेषेत शरीर न आणता किंचित बाजूस उभे राहणे, हे नियम त्यातूनच निघतात.

ग्राइंडरवर लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसविण्याची प्रथा विशेष घातक आहे. दाते लाकडात रुततात, आणि ग्राइंडरला करवतीप्रमाणे आधाराची सपाट बैठक व आपोआप मिटणारे आवरण नसल्याने झटका थेट हातावर वा मांडीवर येतो. लाकडासाठी गोल करवतच वापरावयास हवी. चकती बदलताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नसून प्लग काढणे आवश्यक आहे. तडा गेलेली वा ओल लागलेली चकती वापरू नये. अनेक उत्पादक मधल्या धातूच्या कड्यावर वापराची मुदत छापतात, तीही पाहावी.

धूळ, पाणी व वीज

ग्रॅनाइट व व्हिट्रिफाइड फरशी कोरडी कापताना सिलिकाची सूक्ष्म धूळ उडते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झ दगडात हे प्रमाण फारच अधिक असते. याच कारणास्तव ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या वापरावर बंदी घातली. पाणी सोडत कापल्याने धूळ बरीच कमी होते. परंतु पाणी व वीज एकत्र आल्याने ओल्या कामासाठी योग्य असेच यंत्र, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि जोड नसलेली अखंड वायर अनिवार्य ठरते. चेहऱ्यावर बांधलेला रुमाल ही धूळ रोखू शकत नाही. त्यासाठी आयएस ९४७३ मानकाचा मास्क व डोळ्यांसाठी आयएस ५९८३ मानकाचा चष्मा हवा. सैल बाह्या, उपरणे व ढिले हातमोजे फिरत्या भागात अडकू शकतात.

कायद्याची मर्यादा

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये यंत्रांच्या धोकादायक भागांना आवरण घालण्याची आणि कलम ३५ मध्ये डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० लागू झाली. तिच्यानुसार विजेचा वापर करणाऱ्या ठिकाणी साधारणतः २० कामगार असल्यास तो कारखाना ठरतो, तर इतर आस्थापनांसाठी ही संख्या साधारणतः १० आहे. तीन-चार कारागिरांचे फॅब्रिकेशनचे दुकान किंवा सदनिकेत एकट्याने फरशी कापणारा गवंडी या चौकटीत बसत नाही. त्याला बहुधा नगावर वा चौरस फुटावर मजुरी मिळते. कोपऱ्यातील पट्टी कापताना गार्ड आड येतो, वेळ जातो आणि तो वेळ त्याच्याच मजुरीतून वजा होतो. गार्ड काढण्यामागे केवळ बेफिकिरी नसून हे अर्थकारणही आहे.

अपघातानंतर

बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापडाने सतत दाब द्यावा व हात उंच धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तो भाग थेट बर्फावर ठेवल्यास पेशी गोठून निकामी होतात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व पुनर्रोपणाची सोय असलेल्या रुग्णालयास आगाऊ कळवावे.

निष्कर्ष

योग्य चकती, जागेवर असलेला गार्ड आणि पकडलेली वस्तू या तीन बाबी यंत्र सुरू होण्यापूर्वी निश्चित होतात. कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे ही जबाबदारी काम देणाऱ्यावर येते. महाविद्यालये स्वतःही दुरुस्ती व बांधकामाची कामे देत असतात. कार्यादेशात गार्डसह यंत्र, ओले कटिंग, आरसीसीबी व संरक्षक साधने यांची अट घालून त्यांचा खर्च दरात स्वतंत्रपणे धरल्यास, कारागिराला सुरक्षितता आणि मजुरी यांपैकी एकाची निवड करावी लागणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून हेच प्रात्यक्षिक गावातील कारागिरांपर्यंत नेता येईल.