चाळिशीत पाठीला डबा

अहिल्यानगर जिल्ह्यात पोहायला शिकायची जुनी शाळा म्हणजे विहीर. मुरूम संपला की सुरुंग लावून काळ्या पाषाणात खोल नेलेली, वरच्या अंगाला दगडी बांधकाम, आत उतरायला चिंचोळ्या पायऱ्या, नाहीतर भिंतीतून बाहेर काढलेले नुसते दगड. तिची खोली फुटांत कोणी सांगत नसे, परसांत सांगत. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. सुट्टीत आजोळी आलेली पोरं मामाच्या हातून या पाण्यात ढकलली जात आणि सुट्टी संपायच्या आत सूर मारू लागत. ज्याचं ते वय पाण्याबाहेरच गेलं, त्याला पुढे ही शाळा अवघड होऊन बसे.

मोठ्या माणसाला शिकवायची तऱ्हा पोरांसारखीच, साहित्य मात्र दांडगं लागतं. पूर्वी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बिंडे दोरीत ओवून कमरेला बांधत. कुठे आतून पोकळ झालेला वाळका भोपळा असे. पुढे गोडेतेलाचा पत्र्याचा डबा आला, त्यानंतर प्लॅस्टिकचा कॅन आणि ट्रॅक्टरची ट्यूब. डबा पाठीला, दोर कमरेला आणि दोराचं दुसरं टोक पायरीवर बसलेल्या जाणत्याच्या हातात, एवढी सगळी व्यवस्था. भीती मोडेल तसतसे बिंडे कमी करायचे, दोर सैल सोडायचा, आणि एके दिवशी शिकणाऱ्याला न सांगताच हातातून सोडून द्यायचा.

हा डबा करतो काय? ५ लिटरचा बंद कॅन पाण्यात पूर्ण दाबला गेला, तर साधारण ५ किलोचा भार वर उचलतो. मोठ्या माणसाच्या डोक्याचं वजनही जवळपास तेवढंच. म्हणजे डबा माणसाला तारत नाही, पाण्याबाहेर ठेवलेलं त्याचं डोकं तेवढं तोलून धरतो. बाकीचं अंग पाणीच उचलत असतं. छाती भरून श्वास घेतला की माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा किंचित हलकं होतं आणि श्वास सोडला की जड. तरंगणं आणि बुडणं यांतलं अंतर असं एका श्वासाचं आहे.

मोठी माणसं अडतात ती नेमकी इथे. घाबरलेला माणूस मान ताठ करून तोंड आभाळाकडे नेतो, त्यामुळे कंबर खाली जाते आणि पाय तळाकडे ओढ घेतात. मग तो हात वर काढतो. पाण्याबाहेर आलेल्या हातांचा भार पाण्याने उचललेला नसतो, तो उरलेल्या अंगावर पडतो आणि माणूस आणखी खाली जातो. लहान पोराला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. चार गटांगळ्या खाऊन ते आपोआप आडवं होतं. मोठा माणूस मात्र जन्मभर उभा राहिलेला असतो. पायाखाली ठाव नाही हे त्याच्या पायांना पटायलाच दिवस लागतात.

शिवाय लाज. विहिरीवर कोणी एकटं शिकत नाही. काठावर पोरंसोरं असतात, मोटार चालू करायला आलेला शेजारी असतो, आणि सल्ला द्यायला तर सगळेच असतात. तीन लेकरांचा बाप पाठीला कॅन बांधून शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसला आहे, आणि त्याचाच थोरला समोरच्या काठावरून मुटका मारून बापाच्या तोंडावर पाणी उडवतो आहे, असं दृश्य या भागात नवं नाही. सगळे हसतात, बापही हसतो, पण त्याची एका हाताची बोटं कपारीतून सुटत नाहीत. मोठ्यांच्या शिकवणीतला विनोद आणि भीती ही अशी एकाच पायरीवर बसलेली असतात.

या शाळेत सर्वांना प्रवेशही नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घेण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला, त्या काळात दलितांच्या पोरांना सवर्णांच्या विहिरीत डुंबू देण्याचा प्रश्नच नव्हता. बायकांचं पाण्याशी नातं रोजचं, पण ते घागरीचं आणि धुण्याचं. पोहणं ही पुरुषांची आणि पोरांची चैन. आज पोहायला शिकू पाहणाऱ्या प्रौढांमध्ये बायका असतात, त्यामागे ही राहून गेलेली गोष्ट आहे.

मराठी सिनेमात विहीर पुष्कळदा येते. उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’मध्ये (२००९) नात्यातल्या दोन मुलांच्या मैत्रीवर तिची गडद सावली आहे. अहिल्यानगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) मच्छीमाराचा पोरगा परश्या बारवेत उडी घेतो. चित्रीकरण करमाळ्याच्या बाजूचं, म्हणजे कर्जत-जामखेडला लागूनच. दोन्हीकडे पाणी कोवळ्या वयाचं आहे. पायरीवर बसलेल्या बापावरही एक चांगला चित्रपट निघू शकेल.

विहिरी आजही आहेत, पण त्यांची शाळा मोडत चालली. बोअर खोल गेले तसं विहिरींचं पाणी आटलं, आणि साडेसहा इंची भोकात पोहता येत नाही. (हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली, तिथली गोष्ट वेगळी.) विहिरीची जागा घेतली शेततळ्याने. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. त्यातलं मोठं तळं ३० मीटर लांब, तेवढंच रुंद आणि ३ मीटर खोल. डाळिंब, द्राक्ष, कांदा यांना त्याचा मोठा आधार झाला. पोहायला शिकण्यासाठी मात्र त्याच्याइतकी वाईट जागा सापडायची नाही. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, धरायला दगड असतो. शेततळ्याला चारही बाजूंनी उताराचा, गुळगुळीत, शेवाळलेला प्लॅस्टिकचा कागद. पाय टेकला की घसरतो आणि नख रुतवायलाही जागा नसते. चांगला पोहणारासुद्धा काठाला येऊन थकतो.

वाहतं पाणी ही आणखी वेगळी गोष्ट. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. प्रवरेच्या पाटांना आवर्तन सुटलं की लाभक्षेत्रातली पोरं आजही त्यात उतरतात. पाट वरून संथ दिसतो, पण त्याची खरी ओढ पुलाखाली आणि मोऱ्यांच्या तोंडाशी असते. बंधाऱ्याखालचं पाणी तर माणसाला फिरवून पुन्हा खालीच नेतं. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगाव बुद्रुक इथे बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट प्रवरेत उलटली आणि दलाचे ३ जवान दगावले. ते प्रशिक्षित होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली.

एवढं असूनही पोहता येणं हे आपल्याकडे कौशल्यापेक्षा हौसेत मोजलं जातं. पोलीस भरतीसाठी जिल्ह्यातली असंख्य तरुण मंडळी पहाटे रस्त्यावर धावतात, गोळा फेकतात. त्या मैदानी चाचणीत पोहणं नाही.

प्रौढांनी शिकायची आजची बरी जागा म्हणजे उथळ बाजू असलेला जलतरण तलाव. तिथला क्रम विहिरीच्या नेमका उलटा आहे. विहिरीत आधी खोल पाणी भेटतं, मग धीर येतो. तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आधी श्वास शिकवतात: तोंडाने घ्यायचा, चेहरा पाण्यात घालून नाकाने बुडबुडे काढत सोडायचा. हे जमायला कित्येकांना आठवडा लागतो, आणि त्यात वेळ वाया गेला असं वाटून घ्यायचं कारण नाही. मग कठडा धरून पाय मारणं, मग उताणं तरंगणं. उताणं झाल्यावर कान पाण्यात जातात, बाहेरचा सगळा आवाज बंद होतो, आणि बहुतेक मोठी माणसं त्याच क्षणी दचकून उठून बसतात. शिकवणारा मानेखाली हात धरतो तो एवढ्याचसाठी. मान सैल पडली की कंबर आपसूक वर येते. हात-पाय मारण्याची शिस्त त्यानंतरची. बायकांसाठी स्वतंत्र वेळ आणि शिकवणारी बाई असली की न बिचकता येणाऱ्यांची संख्या वाढते.

नीट शिकवणारे शेवटचा धडा अंगावरच्या कपड्यांत घेतात, कारण शेततळ्यात किंवा पाटात पाय घसरतो तेव्हा अंगात पँट-शर्ट नाहीतर साडी असते. पाण्यात असेपर्यंत भिजलेले कपडे फारसे जड लागत नाहीत, फक्त हालचाल अडवतात. वजन कळतं ते बाहेर निघताना. म्हणून शेततळ्याच्या चारही बाजूंना, वर खांबाला पक्का बांधलेला आणि हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर थेट पाण्यात सोडून ठेवायचा असतो. शेजारी हवा भरलेली एक ट्यूबही असावी. दुसरा कोणी बुडत असेल तर पोहता येणाऱ्यानेही आधी ती फेकायची, उडी नंतर. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तो उभ्या अंगाने मुकाट खाली-वर होत असतो आणि हाताला लागेल त्याला मिठी मारतो.