वार्धक्य, मेंदू आणि लिखित शब्द

वय वाढले की वाचन मंदावते, आणि वाचन मंदावले म्हणजे समजही ओसरली, असे सर्रास मानले जाते. यातील पहिला भाग बहुतांशी खरा आहे, दुसरा नाही.

वाचताना दृष्टी ओळीवरून अखंड सरकत नाही. ती थांबत थांबत पुढे जाते. प्रत्येक थांबा साधारणतः पाव सेकंदाचा असतो. तेवढ्यात डोळ्यांनी टिपलेली अक्षरे मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या मागील भागात शब्दरूपाने ओळखली जातात. उतारवयात हे थांबे लांबतात, मागे वळून पुन्हा वाचावे लागते. पुसट छपाई आणि दाटीने बसविलेली अक्षरे अधिक त्रास देतात. लांबलचक वाक्याचा आरंभ शेवटापर्यंत ध्यानात ठेवणेही कठीण जाते. परंतु आयुष्यभर जमविलेला शब्दसंग्रह साठीनंतरही टिकून राहतो आणि संदर्भावरून अर्थ लावण्यास साहाय्य करतो.

वाचता येणे अकस्मात बंद झाले, तर मात्र ते वार्धक्य समजू नये. फ्रान्समधील डॉ. देजेरीन यांनी १८९२ मध्ये, लिहिता येते पण वाचता येत नाही, अशा रुग्णाची नोंद केली. कारण होते पक्षाघात. अशा वेळी रुग्णास तात्काळ रुग्णालयात न्यावे.

निवृत्तिवेतनाचा अर्ज असो वा ग्रामसभेची सूचना, मजकूर ठळक टाइपात व लहान वाक्यांत असावा. वृद्ध नागरिकास तो स्वतः वाचण्यास अवधी द्यावा; स्वाक्षरीची घाई करू नये. त्यास उशीर लागतो, समज कमी पडत नाही.