शाखा-कार्यालयाचा इंटरनेट टेलिफोन आणि उत्तरास होणारा विलंब

एखाद्या संस्थेचे मुख्य कार्यालय पुण्यास असावे आणि तीन टेबलांचे छोटे शाखा-कार्यालय कोकणातील एखाद्या तालुक्याच्या गावी असावे, अशा वेळी शाखेतील टेलिफोन मुख्य कार्यालयाच्या इंटरनेट टेलिफोन-व्यवस्थेस जोडणे ही गोष्ट आता सामान्य झाली आहे. हा विषय अभियंत्यांचा. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखक त्यात पडला तो एका विनंतीमुळे. अशाच एका संस्थेने आपल्या शाखेतील कर्मचाऱ्यांसाठी संभाषणकौशल्याचा वर्ग घ्यावा, असे सुचविले होते. तक्रार अशी की, शाखेतील बाई टेलिफोनवर अडखळतात. काम झाले का असे विचारले असता ‘हो’ म्हणावयास वेळ लावतात. त्यामुळे काम झालेच नसावे असा संशय येतो. त्या बाईंशी समक्ष बोलल्यावर त्यांच्या बोलण्यात अडखळणे मुळीच आढळले नाही. दोष अन्यत्र शोधावयास हवा होता. तो कोठे सापडला हे समजण्यासाठी ही जोडणी कशी होते ते प्रथम पाहिले पाहिजे.

जुन्या व्यवस्थेत एक्स्टेन्शनचा क्रमांक म्हणजे एका तारेचे टोक होते. नव्या व्यवस्थेत क्रमांक उपकरणाबरोबर हिंडतो. शाखेतील टेलिफोन सुरू होताच तो इंटरनेटवरून मुख्य कार्यालयाच्या एक्स्चेंजकडे जातो, ‘मी अमुक क्रमांक, सध्या अमुक पत्त्यावर आहे’ अशी नोंद करतो, आणि ठराविक अवधीने ती नोंद ताजी करीत राहतो. ही बोलाचाली ज्या नियमांनी चालते त्यांस ‘सिप’ असे म्हणतात. ते १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले व २००२ मध्ये सुधारले गेले. प्रत्यक्ष आवाज मात्र ह्या बोलाचालीतून जात नाही. त्याचा प्रवाह वेगळा असतो. नवख्या जोडणीत घंटा वाजते, परंतु आवाज एकाच बाजूस ऐकू येतो, हा जो सुप्रसिद्ध दोष आहे त्याचे मूळ ह्या वेगळेपणात आहे. शाखेतील राउटर आतल्या उपकरणांना जे पत्ते देतो ते खाजगी असतात. बाहेर त्यांस अर्थ नसतो. उपकरण मात्र भाबडेपणाने तोच पत्ता कळविते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर उपकरण ‘येथे’ म्हणते, पण त्या ‘येथे’चा अर्थ घराबाहेर लागत नाही. ह्यावर दोन उपाय रूढ आहेत: दोन्ही कार्यालयांमध्ये व्हीपीएनचा खाजगी मार्ग काढणे, किंवा मुख्य कार्यालयाच्या वेशीवर असे यंत्र बसविणे की जे सांगितलेल्या पत्त्यावर विसंबून न राहता आवाज जेथून आला तेथेच उत्तर पाठविते. पुष्कळ राउटर सिपचे निरोप वाटेत स्वतःहून दुरुस्त करण्याची सोय देतात. ती सोय आधी बंद करावी. पत्रावरील पत्ता परस्पर सुधारणारा टपालवाला बहुधा घोटाळाच करतो.

आता आवाजाकडे वळू. १९७२ मध्ये प्रमाणित झालेल्या जी.७११ ह्या पद्धतीत आवाजाचे मोजमाप सेकंदास ८००० वेळा घेतात व प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. म्हणजे सेकंदास ६४,००० बिट झाले. बहुधा २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात भरतात. त्यात आवाजाचे १६० बाइट व पत्ता-अनुक्रमाचे ४० बाइट असतात. सेकंदास अशी ५० पॅकेटे धरल्यास प्रत्येक दिशेस ८०,००० बिट लागतात. जी.७२९ पद्धतीने आवाज आठपट आवळता येतो. परंतु तेव्हा आवाज २० बाइट आणि वरची नोंद मात्र ४० बाइटच; एकूण बचत तिपटीहून थोडी अधिक इतकीच होते. पत्रापेक्षा पाकीट जड व्हावे, तशातला हा प्रकार आहे.

आपणास अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. सेकंदास ८००० मापे घेतली तर ४००० हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही. टेलिफोनचा रूढ पट्टा तर ३०० ते ३४०० हर्ट्झ इतकाच आहे. स्वरांना तो पुरतो. घर्षक व्यंजनांची गोष्ट निराळी. ‘स’च्या घर्षणाचा मुख्य जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो, ‘श’चा त्याहून खाली सुरू होतो. मराठीत हाच प्रश्न ‘च’ आणि ‘ज’ ह्यांच्या तालव्य व दन्ततालव्य उच्चारांबाबत उभा राहतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा; ‘चार’ ही संख्या आणि गुराला ‘चार’ ही आज्ञा; लेखनात हे भेद दिसत नाहीत, उच्चारात दिसतात, आणि अरुंद पट्ट्याच्या टेलिफोनवर पुन्हा पुसट होतात. वाक्यात संदर्भ असतो म्हणून आपले निभावते. आडनावे, गावांची नावे, मालाच्या खुणा ह्यांना संदर्भ नसतो, आणि शाखेचे निम्मे बोलणे नेमके त्यांविषयीच असते. १९८८ ची जी.७२२ ही पद्धत ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज त्याच ६४,००० बिटांत नेते. दोन्ही टोकांची उपकरणे ती जाणत असतील तर कार्यालयांतर्गत बोलण्यासाठी ती न वापरण्याचे कारण प्रस्तुत लेखकास दिसत नाही.

पॅकेट हरवणे हाही स्वनवैज्ञानिक प्रश्नच आहे. ‘त’ किंवा ‘ट’ ह्यांचा स्फोट काही मिलिसेकंदांत आटोपतो. एक पॅकेट गेले की तो संपूर्ण जाऊ शकतो. शेजारच्या स्वरातील संक्रमणावरून कान त्याची भरपाई करतो. लागोपाठ तीन-चार पॅकेटे गेली की ह्या भरपाईस आधार राहत नाही, आणि अक्षर जाते.

तथापि त्या बाईंवर अन्याय झाला तो व्यंजनांमुळे नव्हे, वेळेमुळे. संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत किती अवकाश जातो, ह्याचा दहा भाषांत अभ्यास करून तान्या स्टिव्हर्स व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्नोत्तरांत ही सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद पडते. शिवाय होकारार्थी उत्तर लवकर येते आणि नकार रेंगाळतो. म्हणून रेंगाळलेले ‘हो’ आपणांस अर्धे ‘नाही’ असे ऐकू येते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाजास एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंत विलंब झाला तर बहुतेक संभाषणास बाध येत नाही. परंतु प्रश्न जावयास १५० आणि उत्तर यावयास १५०, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा स्वाभाविक अवकाश विचारणाऱ्याच्या कानी अर्ध्या सेकंदाचा होतो. ह्या मर्यादेच्याही पलीकडे गेल्यास काय होईल हे सांगावयास नको.

ह्या शाखेत दुपारी दोनच्या सुमारास दिवसभराच्या कागदपत्रांच्या प्रती पुण्यास पाठविल्या जात. शाखेकडून बाहेर जाणारी वाट सेकंदास १० लक्ष बिटांची असेल आणि राउटरच्या दारी ६४,००० बाइट रांगेत उभे असतील, तर त्यांच्यामागे आलेल्या आवाजाच्या पॅकेटास अर्ध्या सेकंदाहून थोडे अधिक थांबावे लागते. तक्रारीचे टेलिफोन दुपारचेच निघाले. येथे एक गमतीची बाब ध्यानात आली. विलंब वाटेतला असल्यामुळे तो दोघांनाही सारखाच ऐकू येतो. बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पुण्याचे साहेब फार विचार करून बोलतात.” एकाच विलंबाचा अर्थ वरिष्ठाच्या बाबतीत विचार असा झाला आणि कनिष्ठाच्या बाबतीत चुकारपणा असा. यंत्राने केवळ अवकाश निर्माण केला. त्यात अर्थ भरला तो कार्यालयाच्या उतरंडीने.

उपाय फारसा खर्चाचा नाही. आवाजाच्या पॅकेटांवर अग्रक्रमाची खूण करावी (ह्यासाठी ४६ हा अंक रूढ आहे), आणि राउटरकडून बाहेर जाणारा एकूण प्रवाह वाटेच्या क्षमतेहून किंचित कमी ठेवावा, म्हणजे रांग आपल्याच दारी लागते व कोणास पुढे काढावयाचे हे आपल्या हाती राहते. खुले इंटरनेट ह्या खुणेस मान देत नाही हे खरे, पण कोंडी बहुधा शाखेच्या उंबरठ्यावरच होत असते.

आणखी दोन गोष्टी. जुन्या टेलिफोनास वीज एक्स्चेंजमधून तारेवाटे मिळे; नव्यास ती शाखेतूनच द्यावी लागते, म्हणून टेलिफोन, राउटर व स्विच ह्या तिघांनाही बॅटरीचा आधार हवा. दुसरे असे की, शाखेतून ११२ फिरविला आणि तो टेलिफोन पुण्याच्या एक्स्चेंजमधून बाहेर पडला, तर उत्तर देणाऱ्यास क्रमांक पुण्याचा दिसतो. यास्तव निदान एक स्थानिक जोडणी शाखेत ठेवावी आणि ११२ तिच्यावरूनच बाहेर पडेल अशी व्यवस्था करावी.

प्रतींची पाठवणी रात्रीवर ढकलली गेली, राउटरची व्यवस्था बदलली गेली. संभाषणकौशल्याचा वर्ग झाला नाही. बाईंच्या नावे कार्यालयीन नोंदवहीत जो शेरा पडला होता तो खोडावा, असे पत्र मात्र प्रस्तुत लेखकास दोनदा पाठवावे लागले.