घर बदललं, देश बदलला... गाडी तीच!

अमेरिकेतून कॅनडात शिफ्ट होताना स्वतःची गाडी स्वतः चालवत नेता येते. फक्त गाडीला किल्ली लावायच्या आधी कागदांना हात घालावा लागतो!

परदेशी शिफ्ट व्हायचं म्हटलं की आपली यादी ठरलेली. कुकर, मसाल्याचे डबे, डिग्रीची सर्टिफिकेट्स आणि तीन-तीनदा वजन केलेल्या बॅगा. पण एका परदेशातून दुसऱ्या परदेशात जायचं असेल तर? आणि दारात हप्ते भरून घेतलेली गाडी उभी असेल तर?

२०२३च्या मार्चमध्ये माझ्या ताई-भावोजींपुढे हाच प्रश्न होता. मुक्काम न्यू जर्सी, भावोजी एच-वन-बी व्हिसावर. कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्यांचाही नंबर लागला. अशा वेळी नवी नोकरी शोधायला नाहीतर गाशा गुंडाळायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. नशिबाने कॅनडाची पीआर हातात होती. मी नेमकी तेव्हा सुट्टीसाठी त्यांच्याकडे गेलेले. सोफा, पलंग, टीव्ही दोन दिवसांत विकले गेले. गाडीवर मात्र रोज रात्री मीटिंग!

भावोजींचं म्हणणं, विकून मोकळे होऊ. ताईने वही काढली. घाईत विकायची म्हणजे घेणारा सांगेल ती किंमत. टोरांटोत दुसरी घ्यायची तर तिथे क्रेडिट हिस्टरी शून्य, म्हणजे कर्ज महाग. शिवाय घरातली एक नोकरी गेलेली. ‘‘यात इमोशनल काही नाही, हा सरळ हिशेब आहे,’’ ती म्हणाली. माझ्या भाचीला हॉस्पिटलमधून याच गाडीतून घरी आणलं होतं, हे आम्ही कुणी काढलं नाही.

गाडी तिथे चालेल का?

सगळ्यात आधी हे बघायचं. अमेरिकेत धावणारी प्रत्येक गाडी कॅनडात चालतेच असं नाही. कोणती मॉडेल्स चालतात याची यादी ट्रान्सपोर्ट कॅनडा हे सरकारी खातं देतं. दिवसाही आपोआप लागणारे दिवे हवेत, सप्टेंबर २००७ नंतर बनलेल्या गाडीत चोरी रोखणारा इमोबिलायझर हवा, अशा अटी आहेत. कंपनीने त्या मॉडेलमधला एखादा दोष दुरुस्तीसाठी परत बोलावला असेल, तर ते काम झाल्याचं पत्र लागतं. पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांना यातून बरीच सूट आहे.

बँक काय म्हणते?

खरं टेन्शन इथे होतं. गाडीच्या मालकीचा कागद, म्हणजे टायटल. कर्ज फिटेपर्यंत न्यू जर्सीत तो बँकेच्या ताब्यात. कर्ज बाकी असताना गाडी देशाबाहेर न्यायची तर बँकेचं लेखी परवानगीपत्र लागतं. ताईने बचत मोडून उरलेलं कर्ज फेडलं आणि टायटलची वाट बघत बसली. ते पोस्टाने यायला तीन आठवडे लागले. ६० दिवसांतले तीन आठवडे! रोज संध्याकाळी पोस्टाची पेटी उघडताना तिचा चेहरा मला बघवत नव्हता.

अमेरिकेतून ‘एक्स्पोर्ट’

आपल्याला वाटतं, आपण घर बदलतोय. सरकारच्या लेखी आपण गाडी एक्स्पोर्ट करत असतो. त्यामुळे निर्यातीची ऑनलाइन नोंद करून नंबर घ्यायचा. हे काम फी घेऊन एजंट करून देतात. मग ज्या नाक्यावरून जाणार, तिथल्या अमेरिकन कस्टम्सकडे कागद किमान ७२ तास आधी द्यायचे. जाताना गाडी आणि अस्सल टायटल समोर हजर. ऑफिसच्या वेळा आधीच विचारून घ्या. रविवारी सकाळी जाऊन उभं राहिलात तर दार बंद असू शकतं.

आमचा नाका होता बफेलोचा पीस ब्रिज. नायगारा नदीवरचा १९२७चा हा पूल. अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडाचं फोर्ट एरी. अधिकाऱ्याने गाडीवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, टायटलवर शिक्का मारला आणि ‘गुड लक’ म्हणाला. मुदतीचे नऊ दिवस शिल्लक होते. पूल ओलांडेपर्यंत गाडीत कुणीच बोललं नाही.

पलीकडे गेल्यावर

स्थायिक व्हायला येणाऱ्याने आधीपासून मालकीची आणि वापरलेली गाडी आणली, तर कस्टम ड्यूटी माफ. मात्र बारा महिन्यांच्या आत विकली तर ती भरावी लागते. लीजवरची गाडी ‘आपली’ धरत नाहीत. सामानाच्या दोन याद्या हव्यात : सोबत आणलेलं आणि मागून येणारं. वर्क परमिटवर जाणाऱ्यांचे नियम वेगळे, ते आपापल्या केसप्रमाणे बघा.

नाक्यावर आयातीचा फॉर्म भरून, फी देऊन गाडी आत येते. पण काम संपत नाही. ४५ दिवसांत ठरलेल्या सेंटरवर तपासणी. ओंटारिओत नव्याने राहायला आलेल्याला गाडीच्या नोंदणीसाठी ३० दिवस आणि लायसन्स बदलून घ्यायला ६० दिवस. इन्शुरन्स तिथे चांगलाच महाग पडतो, म्हणून जुन्या कंपनीकडून अपघात नसल्याचं पत्र निघण्याआधीच घ्या. आणि नवी पॉलिसी सुरू होईपर्यंत जुनी बंद करू नका.

यातलं एकही काम अवघड नाही. पण प्रत्येकाला स्वतःचा वेळ लागतो आणि कुठलंच दुसऱ्यासाठी थांबत नाही. म्हणून नोकरी शाबूत असतानाच टायटल कुठे आहे, कर्ज किती उरलंय, हे एका फाइलमध्ये लावून ठेवा. व्हिसावर राहणाऱ्यासाठी ही फाइल स्टेपनीइतकीच गरजेची!

भारतात आणायची म्हणाल तर...

जरा दमानं! वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच हवं, आणि ती उतरवायची फक्त मुंबई बंदरात. वर भरभक्कम ड्यूटी. अमेरिकेतली डाव्या स्टिअरिंगची गाडी तर पहिल्याच फेरीत बाद. तिचा तिथेच प्रेमाने निरोप घ्या आणि कुकर तेवढा परत आणा.